वजा साठ्यावरचे घर

इंदापूर तालुक्यात घरावर किती खर्च करायचा हे कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते त्या सुमारास ठरते आणि उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली की मोडते. मधल्या काळात जे चालते त्याला कुटुंबात 'विचार चालू आहे' असे म्हणतात. हा विचार कधी तीन महिने चालतो, कधी तेरा वर्षे. तोवर, विचार सुरू झाला तेव्हा बालवाडीत असलेले पोर बारावीला गेलेले असते आणि नकाशात ज्याच्यासाठी स्वतंत्र खोली काढली तो पुण्यात कॉट बेसिसवर राहत असतो.

खर्चाचा आकडा समजून घ्यायचा तर आधी पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहावे लागते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्यावर गेल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्षात ते पहिली उचल, दुसरा हप्ता, कांडेबिल, दिवाळीचे बिल अशा तुकड्यांनी येतात, आणि घरही त्याच तुकड्यांनी उभे राहते. माहीतगार माणूस एसटीच्या खिडकीतून नुसते घर पाहून हंगाम ओळखतो. जोते एका गळिताचे, भिंती दुसऱ्या गळिताच्या, आणि मागच्या बाजूचा गिलावा राहिला असेल तर त्या वर्षी अंतिम दर मनासारखा निघाला नाही असे समजावे. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, पलीकडे बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर. कोणत्या कारखान्याने किती दर दिला, यावर कोणत्या गावात फरशी किती गुळगुळीत बसते हे अवलंबून असते.

डाळिंबाचे घर निराळे. ते एका दमात होते. एका बहराला बाजार साधला की निमगाव केतकीच्या पट्ट्यात दुमजली बंगला उठतो, पुढे गोल खांब, जिन्याला स्टीलचे कठडे. पुढच्या बहराला बागेत तेल्या शिरला की कंपाउंडची भिंत तीन बाजूंनी पूर्ण होऊन थांबते. चौथी बाजू बागेकडेच असल्याने तिची तशीही गरज नव्हती, असे मग सर्वानुमते ठरते.

तिसरी वाट भूसंपादनाची. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी करायचे ठरले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या कामाची पायाभरणी झाली. रस्त्यात जमीन गेलेल्यांना मोबदला मिळाला. हा पैसा एकदम येतो, आणि तो येण्याआधी पाव्हण्यारावळ्यांना त्याची बातमी पोचलेली असते. त्यामुळे या प्रकारच्या घराचे अंदाजपत्रक मालकापेक्षा मेहुण्याला अधिक नेमके माहीत असते.

राहता राहिला पगार. तालुक्यात खरा श्रीमंत कोण, हे जमीन पाहून कळत नाही, बँकेत जाऊन कळते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून शेतकऱ्याचे विवरणपत्र नाही. विवरणपत्र नाही, म्हणून बँकेच्या लेखी उत्पन्न नाही. बारा एकर बागायतीचा मालक गृहकर्जाच्या टेबलासमोर बसतो तेव्हा तो निष्कांचन असतो, आणि त्याच्याच वस्तीवर भाड्याने राहणारे झेडपीचे गुरुजी, दरमहा पगाराची चिठ्ठी मिळत असल्याने, धनाढ्य ठरतात. म्हणून बागायतदार गुरुजींना जामीनदार म्हणून घेऊन जातो. तालुक्यात ज्यांची सही सर्वांत जास्त कागदांवर आहे असे लोक शोधले तर आमदारांच्या खालोखाल गुरुजीच निघतील.

घरावर किती खर्चावे याचे शास्त्रोक्त नियम जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेतला एक जुना नियम असा की घराचा हप्ता, कर आणि विमा मिळून मासिक उत्पन्नाच्या २८ टक्क्यांत बसावे. नियम उत्तम आहे. फक्त त्यासाठी मासिक उत्पन्न लागते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो तुटायला सोळा ते अठरा महिने जातात. अशा उत्पन्नाची मासिक सरासरी काढता येते, पण तिच्यावर हप्ता भरता येत नाही, कारण सतरा महिने ती सरासरी फक्त वहीत असते.

बँकेचा हिशेब मात्र सर्वांना सारखा लागू असतो, म्हणून तो एकदा करून पाहणे बरे. घर ३० लाखांचे आहे असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, म्हणजे २७ लाख. उरलेले ३ लाख घरचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही (घर १० लाखांच्या आतले असेल तरच धरता येतो), तेव्हा तोही घरचाच. नोंदणी शुल्क एक टक्का आणि कमाल ३०,००० रुपये, त्यामुळे ३० लाखांच्या घराला ते काटेकोर बसते. महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत २०२१ पासून आहे. ३० लाखांवर ही सवलतसुद्धा ३० हजारांचीच. तेवढ्यासाठी सात पिढ्या सातबाऱ्यावर एकट्याचे नाव जपलेला कर्ता पुरुष निमूटपणे सौभाग्यवतींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जातो, आणि समाजसुधारकांना जे इतकी वर्षे जमले नाही ते एका परिपत्रकाने करून दाखवले, हे मान्य करावे लागते.

आता २७ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे. हप्ता येतो २३,४३१ रुपये. असे २४० हप्ते, एकूण ५६ लाख २३ हजार. त्यातले व्याज २९ लाख २३ हजार. म्हणजे कुटुंब एक घर स्वतःसाठी घेते आणि जवळजवळ तेवढ्याच किमतीचे दुसरे बँकेला घेऊन देते. हा आकडा छापील तक्त्याच्या शेवटच्या पानावर असतो आणि सहसा ते पान उलटेपर्यंत चहा आलेला असतो. घरी गेल्यावर विचारले, "किती व्याज पडतंय?" तर उत्तर मिळते, "साडेआठ." लाख की टक्के, हे आई विचारत नाही आणि मुलगा सांगत नाही.

किती खर्चायचे याच्या आधी कुठे खर्चायचे हे ठरलेले बरे, असे वरकरणी वाटते. तालुक्यात या प्रश्नाला पाच उत्तरे आहेत: मळा, गावठाण, इंदापूर, बारामती आणि पुणे. मळ्यात जागा फुकट, पण रस्ता भावाच्या बांधावरून. तेव्हा जागेचे जे वाचते ते वकिलाला जाते. गावठाणात चार बाजूंनी चार चुलते. इंदापूर शहरात तहसील, एसटी स्टँड, बाजार, सगळे आहे. रेल्वे नाही, तिला भिगवणला गाठावे लागते. बारामती पन्नासेक किलोमीटरवर आणि पुणे १४० च्या आसपास.

बारामतीचे घर राहण्यासाठी कमी आणि शिकण्यासाठी जास्त घेतात. १९६२ चे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ चे विद्या प्रतिष्ठान, अलीकडे २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय शारदानगरचे शिक्षण संकुल. एमआयडीसीत पियाजिओपासून चॉकलेटच्या कारखान्यापर्यंत नोकऱ्या. म्हणून इंदापूर तालुक्यातले कितीतरी संसार दोन भागांत चालतात: आई आणि मुले बारामतीत भिगवण रोडच्या फ्लॅटमध्ये, बाप आणि म्हशी मळ्यात. शनिवारी संध्याकाळी दूध, भाजी आणि बाप एकाच मोटारसायकलवरून बारामतीला येतात. या रचनेत घराचा खर्च काढताना पेट्रोल धरत नाहीत, आणि दूध घरचे म्हणून तेही धरत नाहीत. हा हिशेब कोणी मांडलाच तर शाळेची फी सर्वांत स्वस्त निघेल.

जागेची निवड ज्यांना करावी लागली नाही अशी माणसेही याच मुलखात होऊन गेली. पुणे, सुपे, चाकण, इंदापूर ही जहागीर भोसल्यांकडे होती. मालोजीराजांची गढी इंदापुरात आहे. त्या काळी शेजार पसंत पडला नाही तर शेजाऱ्याला बदलायचा प्रघात होता. मोरोपंतांचे त्याहून सोपे. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेले पंत बारामतीला नाइकांच्या आश्रयाला आले आणि १७९४ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कऱ्हेकाठीच राहिले. आश्रय असला की हप्ता, डाउन पेमेंट आणि पार्किंग हे विषय आश्रयदात्याकडे जातात. आजच्या कवीला बारामतीत वन बीएचके घ्यायचा तर आर्यांबरोबर निदान एक कृषी सेवा केंद्र चालवावे लागते.

वालचंदनगरला तर अख्खा शेजारच कंपनीने ठरवून दिलेला होता. वालचंद हिराचंदांच्या नावाने वसलेल्या या औद्योगिक वसाहतीत नोकरीबरोबर क्वार्टर मिळे आणि नोकरीच्या दर्जाबरोबर क्वार्टरचा दर्जा. घरावर किती खर्चावे हा प्रश्न तिथल्या माणसाला आयुष्यात एकदाच पडे, निवृत्तीच्या आदल्या वर्षी. तीस वर्षे बागेसकट घरात राहिलेला माणूस पहिल्यांदा गुंठ्याचा भाव विचारतो, तेव्हा एजंटाला त्याच्याविषयी एक प्रकारचे वात्सल्य वाटू लागते.

आणि उजनीकाठच्या गावांना कोणी विचारलेच नाही. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि पळसदेवसारखी गावे उठून वर आली. घराची किंमत सरकारने ठरवली, नवी जागाही सरकारने. पाणी फार उतरले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि लोक गाड्या करून बघायला जातात. ज्यांची घरे तिथे होती ती म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन चिखलातली जोती दाखवतात. नातू विचारतो, "आज्जी, किती बीएचके होतं?" आजी म्हणते, "सोपा, माजघर, आन् गोठा." नातू मनात टू बीएचके धरतो.

पुण्याच्या फ्लॅटचा प्रकार मात्र अगदी अलीकडचा, आणि तोच सध्या सर्वांत खर्चिक. हा फ्लॅट मुलाच्या नोकरीसाठी घेतात असे सांगतात. वस्तुतः तो अशा एका गृहस्थांसाठी घेतात ज्यांची आणि कुटुंबाची अजून गाठच पडलेली नाही: मुलाचे भावी सासरे. लग्नाच्या बायोडाट्यात 'शेती: ६ एकर बागायत' या ओळीखाली 'पुणे येथे स्वमालकीचा २ बीएचके' ही ओळ नसेल तर बायोडाटा वरच्या वर परत येतो. मुलीकडच्यांना शेती हवी असते, शेतात मुलगी जायला नको असते. फ्लॅट हवा असतो, हप्ता नको असतो. या दोन्ही अटी पुऱ्या करणारे घर म्हणजे कुलूप लावलेले घर, आणि तसे फ्लॅट हडपसर, मांजरी, लोणी काळभोर या पट्ट्यात भरपूर मिळतात. पट्टा तोच का, तर सोलापूर रस्त्याची एसटी दारात सोडते. शेजार कसा, पाणी येते का, जवळ दवाखाना आहे का, हे प्रश्न कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच: "गाडीतळापासनं रिक्षा किती घेतो?" महारेरा २०१७ पासून आहे. नोंदणी केलेल्या प्रकल्पात चटईक्षेत्र किती ते बिल्डरला लेखी सांगावे लागते. तरीही सासरेबुवांच्या पुढे बोलताना सुपर बिल्टअप सांगण्याची पद्धत टिकून आहे.

स्वतः बांधायचे ठरले तर आधी प्लॉट, आणि प्लॉट म्हणजे गुंठा. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, ३३ बाय ३३, चाळीस गुंठ्यांचा एकर. इथवर मतभेद नाही. मतभेद सुरू होतात ते एजंटाच्या गुंठ्यात रस्ता धरला आहे की नाही इथून. शिवाय १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतजमीन कितीही बारीक कापून विकता येऊ नये म्हणून तो केला, आणि २०२३ मध्ये त्याची मर्यादा बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरली. शहरालगतच्या पट्ट्यांना नंतर सवलती आल्या. दोन गुंठे घेऊ पाहणाऱ्या माणसाला एजंट हे सगळे एका वाक्यात समजावतो: "ते होतंय हो." एनए आहे का? "ते होतंय." रस्ता? "धरलाय." पाणी? "उजनी इथंच तर हाय की." उजनी इथेच असते हे खरे. नळ कुठे असतो, हा निराळा विभाग आहे.

जागा 'रोड टच' असेल तर गुंठ्याचा भाव एकदम वर जातो आणि तिथेच घराच्या अंदाजपत्रकात एक नवा घटक शिरतो: गाळे. रस्त्याला लागून घर बांधणारा प्रत्येक जण पुढे दोन गाळे काढतो. कारण ठरलेले असते, "गाळ्याच्या भाड्यातनं हप्ता फिटतोय." या एका वाक्याने अंदाजपत्रक पाच लाखांनी वाढते. पुढे एका गाळ्यात युरियाची पोती, फवारणीचा पंप आणि बंद पडलेला फ्रीज राहतो. दुसरा गाळा मालकाच्या साडूला मोबाइल रिपेअरिंगसाठी दिलेला असतो, आणि साडूकडे भाडे मागायचे नसते. नव्या पालखी मार्गाच्या कडेने असे गाळे ओळीने दिसतात. सगळ्यांची शटरे रंगवलेली, आणि सगळ्यांवर एकच मोबाइल नंबर: भाड्याने देणे आहे.

पालखी मार्गाचा घराच्या आकाराशीही संबंध आहे, तो नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला सुरुवातीला कळत नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीत अश्वांचे. वाटेवरच्या पुष्कळ घरी एखादी दिंडी वर्षानुवर्षे उतरते. मग हॉल वीस फुटांचा का हवा, मागे तीन न्हाण्या का हव्यात, टाकी पाच हजार लिटरची का, या सगळ्याचे उत्तर त्या एका मुक्कामात असते. हा खर्च कोणी कमी करायला सांगत नाही. उरलेले वर्षभर त्या हॉलमध्ये गव्हाची पोती राहतात आणि इंजिनिअरला वाटते की आपला सल्ला ऐकला नाही.

बांधकाम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकाची पहिली परीक्षा जमीन घेते. इंदापूर-बारामतीच्या बागायती पट्ट्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. उसाला ती सोने असते, भिंतीला तडा असते. पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते, कधी चार फूट, कधी आठ फूट. ठेकेदाराने चौरस फुटाचा दर मटेरियलसह सांगितलेला असतो. खड्ड्याला चौरस फूट नसतात, तेव्हा तो निराळा. ज्या जमिनीत मुरूम लगेच लागतो ती चांगली जागा, हे सगळ्यांना माहीत असते, पण त्या जमिनीत ऊस येत नाही म्हणून ती आजोबांनी केव्हाच विकलेली असते. एकदा पाया जमिनीच्या वर आला की वाळू आणि खडी ब्रासवर, सिमेंट गोणीवर, सळई किलोवर आणि गवंडी त्याच्या मर्जीवर.

स्लॅबचा दिवस हा घराच्या खर्चातला सर्वांत आनंदाचा दिवस. पहाटे नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो, लिफ्टने माल वर जातो आणि मालक पांढरे कपडे घालून सळयांवर एक पाय ठेवून फोटो काढतो. त्या दिवशी स्लॅबच्या टोळीला मालकाने जेवण घालायचे, हा अलिखित करार आहे. एकादशी किंवा संकष्टी लागत नाही ना, हे पंचांगात पाहून मगच स्लॅबची तारीख धरतात, कारण जेवण मटणाचे असते. टोळी पंधरा जणांची असते आणि जेवायला पंचेचाळीस बसतात, कारण स्लॅबचा वास भावकीला लांबून येतो. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर सिमेंटचे छोटे वाफे करून पाणी भरायचे. या कामात मात्र शेतकरी कोणत्याही इंजिनिअरला हार जात नाही. त्याच्या उसाला इतके नियमित पाणी मिळत नाही.

स्लॅबला जेवायला येणारी ही भावकीच खर्चाची खरी तज्ज्ञ. बँक म्हणते किती परवडेल, इंजिनिअर सांगतो किती लागेल, पण घर कितीचे व्हायचे ते थोरल्या चुलत्याचे घर ठरवते. त्याचा जिना आतून असेल तर आपला आतून आणि गोल. त्याच्या गेटवर दोन घोडे असतील तर आपल्या गेटवर बैलजोडी. त्याचे घर बाराशे फुटांचे असेल तर आपले बाराशे पन्नास, आणि वरचे पन्नास फूट कुठे वापरायचे ते पुढे बघू. हे पन्नास फूट नंतर देवघर होतात. वास्तुशास्त्री येऊन सांगतो की देवघर ईशान्येला हवे, आणि ईशान्येला संडासाचा खड्डा आधीच झालेला असतो. तो दुरुस्त करण्याचा खर्च 'किरकोळ' या सदरात जातो. बांधकामाच्या वहीत सर्वांत मोठे सदर किरकोळचेच असते.

गच्चीवर उभ्या राहिलेल्या सळयांनाही याच हिशेबात धरावे लागते. कॉलमच्या सळया दोन-तीन फूट वर सोडून ठेवतात आणि गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचे पाणी लावतात, किंवा पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घालतात. वरचा मजला थोरल्याच्या लग्नात, असे ठरलेले असते. थोरल्याच्या लग्नाला पुण्याचा फ्लॅट लागतो, त्यामुळे मजला धाकट्याच्या लग्नावर जातो. रस्त्याने जाणाऱ्या सोयऱ्याला मात्र सळया दिसताच कळते की या घराची आणखी ऐपत आहे, आणि त्या दृष्टीने पाहिले तर पाच हजारांच्या सळया पाच लाखांच्या मजल्याचे काम करतात.

एवढा पैसा येतो कुठून, हे समजायला उजनीच जवळची. धरण शंभर टक्के भरले की सुमारे ११७ टीएमसी पाणी असते. त्यातले ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि उपयुक्त साठा ५३.५७. उपयुक्त साठा संपला की धरण शून्यावर येते, पण कोरडे होत नाही. मग ते वजामध्ये जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते आणि तरीही त्यातून पाणी चालूच होते. कुटुंबाच्या पैशाची व्यवस्था हुबेहूब अशीच. घरात जो जाहीर आकडा असतो तो उपयुक्त साठा. तो जोत्यापर्यंत पुरतो. त्याच्या खाली पतसंस्थेतली ठेव, आईच्या पाटल्या, बहिणीने भाऊबीजेला परत न मागितलेले पैसे, दुधाच्या बिलातून कोणाला न सांगता मागे टाकलेली रक्कम आणि मामा. हा मृतसाठा आहे, याला हात लावायचा नाही, असे सुरुवातीला सगळे म्हणतात. लिंटेलपर्यंत काम आले की घर शून्यावर येते. स्लॅब वजा वीस टक्क्यांवर पडतो. फरशी वजा चाळीसवर बसते. तेव्हा घराला नेमके किती पैसे लागणार, हा प्रश्न विचारायचा नसतो. तळाला किती आहे हे आईला विचारायचे असते, आणि आई शेवटपर्यंत खरा आकडा सांगत नाही. म्हणूनच घर पूर्ण होते.

वास्तुशांतीपर्यंत घराचा खर्च संपलेला नसतो, कारण वास्तुशांत हा वेगळा खर्च आहे. पत्रिका, मांडव, आचारी, आणि चुलत्याच्या वास्तुशांतीला जेवढी पाने उठली त्याहून शंभर पाने जास्त. आहेर येतो, पण त्यात टॉवेल-टोपी आणि भिंतीवरची घड्याळे असतात. एका घराला सरासरी किती घड्याळे लागतात याचा विचार न करता दिलेली ही घड्याळे पुढच्या वास्तुशांतींना एकेक करून निघून जातात. त्या दिवशी प्रत्येक पाहुणा घर फिरून पाहतो, नळ उघडून बघतो, भिंतीवर थाप मारतो आणि शेवटी विचारतो, "किती गेलं?" उत्तर ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. व्याह्याला चाळीस. चुलत्याला पस्तीस, पण "अजून फर्निचर व्हायचंय." उसने पैसे देणाऱ्या मेहुण्याला पन्नास, म्हणजे तो इतक्यात मागणार नाही. मित्राला, "काय सांगायचं, विचारू नको." खरा आकडा किरकोळसकट एका वहीत असतो आणि ती वही स्लॅबच्या दिवशी पावसात भिजलेली असते.

सगळ्यांत शेवटी घरपट्टीची आकारणी. नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा माणूस टेप घेऊन येतो. महिन्याभरापूर्वी ज्या घराचा व्हिडिओ ड्रोनने काढला होता त्याच घराच्या दारात मालक बनियनवर येऊन उभा राहतो. "साहेब, साधंच हाय. दोन खोल्या हायत्या." साहेब वर बघतात. "आणि वरचं?" मालक सळयांकडे पाहून म्हणतो, "ते नुस्तं बाटल्या वाळत घातल्यात." साहेबांना हसू येते, पण टेपचे दुसरे टोक धरायला ते मालकालाच सांगतात.